बाटली होती, पण बीअर कोण प्यायलं? वसईतल्या चवीचा इतिहास शोधताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण एका आजींच्या एका वाक्याने कोसळलं. ते कसं कोसळलं आणि त्यातून पुढे काय हाती लागलं, हे आज सांगते. तुमच्यापैकी कुणी नेट-सेटची तयारी करतंय, कुणी पेट देऊन बसलंय, कुणाचा सिनॉप्सिस अजून तिसऱ्या मसुद्यावर अडकलाय. तुम्हाला यातून एक गोष्ट नक्की मिळेल: पुरावा समोर असूनही आपण चुकीचा निष्कर्ष कसा काढतो, याचं एक जिवंत उदाहरण. उदाहरण माझंच आहे, त्यामुळे कुणाची भीड बाळगायचं कारण नाही.

प्रश्न कुठून आला

माझा विषय उत्तर कोकणातल्या मद्यपानाचा सामाजिक इतिहास. आता 'मद्यपान' म्हटलं की घरचे दचकतात, पण इतिहासकाराला हा विषय फार देतो. त्यात महसूल आहे, शेती आहे, जात आहे, धर्म आहे, कायदा आहे आणि या सगळ्यांच्या मध्ये माणसाची जीभ आहे.

प्रश्न सुचला तो विरारमधल्या एका बीअर शॉपीसमोर. फ्रिजमध्ये एका बाजूला नेहमीच्या हिरव्या-तपकिरी बाटल्या, दुसऱ्या बाजूला बेल्जियमची गव्हाची बीअर, जर्मन बीअर, आणि आपल्याकडे बनणाऱ्या क्राफ्ट बीअरचे रंगीत कॅन. सोबतचा मित्र अशा बीअरचं चवपरीक्षण लिहितो. तो रंग, फेस, वास, तोंडातला जडपणा, शेवटी उरणारा कडवटपणा असं एकेक सांगत होता. ऐकताना वाटलं, ही भाषा इथे आली कधी? वसई-विरारमध्ये बीअरची चव पहिल्यांदा कोणी घेतली आणि ती कोणत्या शब्दांत सांगितली?

प्रश्न वाईट नव्हता. चूक ही झाली की उत्तर मी आधीच ठरवून टाकलं. गोऱ्यांच्या जहाजातून बीअर मुंबईत आली, लष्करी छावणीत गेली, १८६७ साली विरारहून मुंबईला उपनगरी गाडी सुरू झाली आणि त्या गाडीने ती वसईच्या ख्रिस्ती घरांमध्ये पोचली, अशी साखळी मी मनात जुळवली. मग तिला बसेल असा पुरावा शोधायला निघाले.

चांगली गोष्ट म्हणजे खरी गोष्ट नव्हे

पहिला फटका साखळीच्या पहिल्याच कडीला बसला. सिनॉप्सिसमध्ये मी ऐटीत लिहिलं होतं की इंग्लंडहून हिंदुस्थानपर्यंतच्या लांब प्रवासात बीअर खराब व्हायची, म्हणून लंडनच्या जॉर्ज हॉजसनने जास्त हॉप्स आणि जास्त अल्कोहोल घालून 'इंडिया पेल एल' नावाची नवी बीअर शोधून काढली. हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीवरची फुलं. ही गोष्ट तुम्हाला कॅनच्या मागे छापलेली सापडेल, बीअरच्या प्रत्येक परीक्षणात सापडेल.

मॅडमनी समासात दोनच शब्द लिहिले: "कशावरून?"

शोधायला बसले तेव्हा कळलं की मार्टिन कॉर्नेल या बीअरच्या इतिहासकाराने जुनी कागदपत्रं तपासून ही गोष्ट कधीच खोडून काढली आहे. हॉजसनच्या आधीपासून हिंदुस्थानात बीअर येतच होती, आणि फक्त फिक्या रंगाचीच नाही. काळी पोर्टरसुद्धा भरपूर यायची आणि तीही प्रवासात टिकायची. हॉजसनचं यश मुख्यतः जागेचं आणि उधारीचं होतं. त्याची बो भागातली ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची त्या गोदीच्या जवळ होती आणि जहाजाच्या कप्तानांना तो लांब मुदतीवर माल द्यायचा. पुढे १८२०च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास या ब्रुअऱ्या या व्यापारात उतरल्या आणि त्याची मक्तेदारी मोडली. 'इंडिया पेल एल' हे नाव तर जाहिरातींमध्ये त्यानंतर रुळलं.

इथे थांबून एक नोंद करून ठेवा. एखादी गोष्ट सगळीकडे सापडते याचा अर्थ इतकाच की ती सगळ्यांनी एकमेकांची बघून लिहिली आहे. शंभर ठिकाणी छापलेली गोष्ट हे शंभर पुरावे नसतात.

आजींच्या स्वयंपाकघरातली बाटली

दुसरा फटका मोठा होता. वसईतल्या एका मैत्रिणीच्या घरी गेले होते. घर जुनं, कौलारू, मागे केळी आणि विहीर. फळीवर एक गडद तपकिरी बाटली दिसली, जाड काचेची, तळाशी पुसट झालेली इंग्रजी अक्षरं. बीअरचीच बाटली. आत मसाला भरलेला.

तुम्हाला 'बॉटल मसाला' माहीत असेल. मुंबई, साष्टी आणि वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांमधला हा वर्षाचा मसाला. (वसईतले सगळे ख्रिस्ती स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवत नाहीत, सामवेदी आणि वाडवळ समाजांची स्वतंत्र ओळख आहे. मुलाखतीला जाताना हे विसरलात तर पहिल्या पाच मिनिटांत दार बंद.) उन्हाळ्यात मिरची, हळद, धणे आणि बाकीचा वीस-बावीस जिनसांचा माल उन्हात वाळवायचा, भाजायचा, कांडायचा आणि काठीने ठासून ठासून गडद बाटल्यांमध्ये भरायचा. बाटल्या बहुतेक बीअरच्या. काच तपकिरी असल्याने उजेड आत जात नाही आणि मसाल्याचा रंग वर्षभर टिकतो. गंमत बघा, बीअरसाठी तपकिरी काच वापरायचं कारणही तेच आहे. उजेड लागला की हॉप्समधल्या कडू द्रव्याचं रूपांतर होऊन बीअरला उग्र वास सुटतो.

मी हरखून गेले. हाच तर पुरावा! वसईच्या ख्रिस्ती घरात आयात बीअरची बाटली. एकोणिसाव्या शतकातली असणार, म्हणजे घरात बीअर येत असणार, म्हणजे माझी साखळी बरोबर. महिनाभरात मी चाळीस पानं लिहून काढली.

मग एका मित्राने बाटलीचे फोटो बघून विचारलं, तोंड कसं आहे? तोंडाला पत्र्याच्या झाकणासाठी कडा होती. ते दातेरी झाकण विल्यम पेंटरने अमेरिकेत १८९२ साली आणलं, त्याआधी बुचं असायची. शिवाय साच्याची रेघ बाटलीच्या तोंडावरून पार पलीकडे जात होती. हाताने तोंड घडवलेल्या बाटलीत ती रेघ गळ्यापाशी संपते. तोंडावरून जाणारी रेघ म्हणजे पूर्ण यंत्रावर बनलेली बाटली, आणि ओवेन्सचं ते यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. म्हणजे माझं 'एकोणिसावं शतक' गेलं.

तरी मी म्हटलं, ठीक आहे, पन्नास वर्षं इकडे-तिकडे. बाटली आहे म्हणजे बीअर प्यायली गेलीच ना?

पुन्हा गेले, या वेळी नीट मुलाखत घ्यायला. विचारलं, आजी, तुमच्या घरी बीअर कोण प्यायचं? आजी इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "कोण पिणार गं बाय? बाटल्या आम्ही रिकाम्याच विकत आणायचो, बाजारातून!"

झालं. चाळीस पानं गेली.

भंगारवाला, बाटलीवाला हा आपल्याकडे जुना धंदा. मुंबईत 'बाटलीवाला' हे आडनावच आहे. मुंबईच्या कुठल्याशा क्लबात किंवा छावणीत बीअर प्यायली गेली, रिकामी बाटली फिरत फिरत वसईच्या बाजारात आली आणि तिथून मसाल्याची झाली. वस्तूचं आयुष्य एकाच मालकाकडे जात नाही. माझ्या हातात होता तो बाटलीच्या व्यापाराचा पुरावा, आणि मी तो बीअर पिण्याचा पुरावा म्हणून वाचला होता. आजींना एक साधा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता, तर महिना वाचला असता. पण मला उत्तर ठाऊक आहे असं वाटत होतं, म्हणून विचारलंच नाही.

दप्तरात आकडे आहेत, जीभ नाही

हिरमुसून पुन्हा दप्तराकडे वळले. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार तुम्हाला ठाऊक असेलच, नसेल तर एकदा नुसतं बघून तरी या. तिथे अबकारी खात्याचे अहवाल आणि पत्रव्यवहार बघायचा, सोबत १८८२ सालचं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर उघडून ठेवायचं. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर जिल्हा वेगळा झाला तो अगदी अलीकडे, १ ऑगस्ट २०१४ला. म्हणून जुनं काही शोधताना 'पालघर' खाली बघाल तर हाती काही लागणार नाही.

या कागदांत बीअर फार थोडी आहे. जिल्ह्यात दारू म्हणजे मोहाची दारू आणि ताडी. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी. पण दारूबद्दल या कागदांत काय लिहिलंय ते बघा: किती गॅलन, किती दुकानं, ठेका कितीला गेला, कर किती वसूल झाला. मोहाच्या दारूची ताकद '२५ अंश यू.पी.' आणि '६० अंश यू.पी.' अशी लिहिली जायची. यू.पी. म्हणजे 'अंडर प्रूफ'. सरकारने ठरवलेल्या प्रमाण दारूपेक्षा ही किती सौम्य, ते हायड्रोमीटरने मोजायचं. म्हणजे सरकारसुद्धा एका अर्थाने दारूची चव घेत होतं, फक्त जिभेऐवजी काचेच्या नळीने. जास्त अल्कोहोल म्हणजे जास्त कर, एवढीच चव त्याला कळत होती.

ताडी मात्र त्या नळीत सापडत नव्हती. सकाळी गोड असलेला रस संध्याकाळी कडक होतो, दुसऱ्या दिवशी आंबतो. ताकद कधीची मोजणार? म्हणून कर झाडावर बसला. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर हा झाडपट्टीचा बोजा वाढत गेला, आणि दुसरीकडे घरोघरच्या, पाड्यापाड्यावरच्या भट्ट्या बंद करून मोठ्या ठेकेदारांच्या मध्यवर्ती भट्ट्यांकडे दारू वळवली गेली. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच कायद्याने बंधन आलं. मोहाची फुलं हे आदिवासींचं खाणंसुद्धा होतं, हे लक्षात घ्या.

इंद्रा मुन्शी सलढाणा यांचा १९९५चा ठाणे जिल्ह्यातल्या मद्यपानावरचा लेख आणि दक्षिण गुजरातवरचं डेव्हिड हार्डिमन यांचं काम या विषयात आधी वाचावं असं आहे. दोघांच्या मांडणीचा गाभा मी माझ्या शब्दांत सांगते: सरकारला 'दारूबाज' दिसणारा माणूस बऱ्याच अंशी सरकारच्या महसूल धोरणाने घडवलेला होता. ताडीसारखं सौम्य, घरचं पेय महाग आणि अवघड झालं. ठेकेदाराकडची कडक, गाळलेली दारू सोपी झाली. पितात किती, याचे आकडे अहवालात आहेत. काय पीत होते आणि आता काय प्यावं लागतंय, त्याची चव कशी लागते, हे विचारणारा रकाना त्यात नाही.

मग माझ्या लक्षात आलं की 'वसईत बीअरची चव पहिल्यांदा कोणी घेतली' हा प्रश्नच एका बाजूला कललेला आहे. त्यात असं गृहीत आहे की चव घेण्यासारखं पेय जहाजातून आलं, आणि इथे आधी फक्त 'दारू' होती.

घड्याळावर चालणारी चव

म्हणून प्रश्न बदलला: इथे पेयाची चव सांगण्याची भाषा आधीपासून कोणती होती?

ताडीबद्दल लिहिणाऱ्यांमध्ये जुना आणि भरवशाचा माणूस म्हणजे गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य. वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेली, त्याच वर्षी तो हिंदुस्थानात आला, आणि १५६३ साली गोव्यात त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. माडाबद्दल लिहिताना तो सांगतो की काही झाडं नारळासाठी राखतात आणि काही 'सुरे'साठी. ही सुरा गाळली की तिची दारू होते, आणि गाळताना पहिली जी उतरते तिला 'फुला' म्हणतात. फूल म्हणजे सगळ्यात चांगली. बघा, दप्तरातल्या '२५ अंश यू.पी.'च्या तीनशे वर्षं आधी प्रतवारीचा एक शब्द इथे आहे, आणि तो पिणाऱ्या-गाळणाऱ्यांच्या तोंडचा आहे.

पण फक्त कागदावर भागणार नव्हतं. ताडी काढणाऱ्या माणसांशी बोलायचं ठरवलं. परंपरेने हे काम भंडारी समाजाचं, शिवाय इतरही समाजांचे लोक करतात. इथे एक अडचण तुम्हाला सांगायलाच हवी. ताडी-माडी केंद्रावर एकट्या बाईने जाऊन वहीपेन काढून बसणं सोपं नाही. पहिल्या दोन वेळा कुणी बोललंच नाही, तिसऱ्यांदा मैत्रिणीचे काका सोबत आले तेव्हा बोलणं सुरू झालं, पण तेही काकांशी, माझ्याशी नाही. या गोष्टी प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात लिहा. लपवू नका. कोण विचारतंय यावर उत्तर बदलतं.

शेवटी ज्यांच्याशी खरं बोलणं झालं ते साठी ओलांडलेले, आयुष्यभर ताडावर चढलेले गृहस्थ. त्यांना मी विचारलं, दादा, चांगली ताडी कशी ओळखायची? त्यांनी मलाच विचारलं, "कधीची?"

त्यांची सगळी भाषा वेळेची होती. पहाटेची, उन्हं चढल्यावरची, दुपारची, रात्रभर राहिलेली. मग झाडाची: नर ताडाची वेगळी, मादी ताडाची वेगळी. मग मडक्याची: नवं मडकं, जुनं मडकं, चुना लावलेलं मडकं. चुना लावला की रस आंबत नाही आणि ती नीरा राहते. जुन्या मडक्यात आधीच्या ताडीचा अंश असतो, त्यात रस लगेच 'चढतो'. शेवटी हवा: थंडीतली ताडी हळू आंबते, वैशाखातली दहा वाजेपर्यंत तोंड वाकडं करते. हे सगळं ते न थांबता सांगत होते आणि मी लिहून घेताना घामाघूम.

आता याला आजच्या विज्ञानाशी ताडून बघा. ताडाच्या गोड रसात बाहेरून कोणी यीस्ट घालत नाही. झाडावर, हवेत, मडक्यात असलेलं यीस्ट आणि जिवाणू कामाला लागतात. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल करतं, लॅक्टिक आम्लाचे जिवाणू आंबटपणा आणतात, आणि वेळ गेला की दुसरे जिवाणू त्याचा शिरका करतात. मडकं जुनं का नवं, सकाळ का दुपार, थंडी का ऊन, हे सगळे या प्रक्रियेचे घटक आहेत. दादांना त्यांची इंग्रजी नावं माहीत नव्हती, पण कोणता घटक काय करतो ते तोंडपाठ होतं. आणि हे ज्ञान पिण्यापुरतंही नव्हतं. वसईच्या जुन्या घरांमध्ये पीठ फुगवायला ताडी वापरायचे आणि ताडीचा शिरका लोणच्यात, मासळीत पडायचा. आजींना हे विचारल्यावर त्याही तासभर बोलल्या. बीअरच्या प्रश्नावर मला फक्त हसू मिळालं होतं.

मग चवपरीक्षणाची भाषा कुठली?

आता परत त्या फ्रिजपाशी येऊ. माझ्या मित्राची जी भाषा मला पुरातन वाटली होती, ती आपल्या आईवडिलांपेक्षाही लहान आहे. बीअरचे देशोदेशीचे 'प्रकार' व्यवस्थित मांडून सामान्य वाचकाला समजावणारं मायकल जॅक्सन यांचं पुस्तक १९७७चं (गाणारा तो वेगळा, हा इंग्लिश लेखक). बीअरच्या वास-चवींचं वर्तुळ, ज्यात फळ, फूल, भाजलेलं धान्य, आंबट, कडू अशी घरं पाडलेली असतात, ते मॉर्टेन माइलगार्ड या रसायनतज्ज्ञाने सत्तरच्या दशकात तयार केलं. उद्देश कवित्वाचा नव्हता. वेगवेगळ्या ब्रुअऱ्यांतल्या चाखणाऱ्यांनी एकाच वासाला एकच शब्द वापरावा आणि दोष लवकर सापडावा, यासाठी ते होतं.

आपल्याकडे त्या काळात काय चाललं होतं? मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ला दारूबंदी आली, पुढे मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली झाला. या कायद्याच्या व्याख्येत 'मद्य' म्हणजे स्पिरिट, वाइन, बीअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सगळे द्रव. सगळं एका पोत्यात. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला औषधं आणि प्रसाधनं त्या पोत्यातून बाहेर काढावी लागली. कायदा बऱ्याच दुरुस्त्यांसह आजही आहे, म्हणून तर बारला 'परमिट रूम' म्हणतात. अशा वातावरणात चवीवर उघडपणे कोण लिहिणार? पुण्यात २००९ साली 'डूलाली' ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली, नंतर डोंबिवलीत 'गेटवे' आली, आणि तिथून पुढे आपल्याकडे क्राफ्ट बीअरबद्दल बोलणं-लिहिणं वाढलं.

परवान्यांची भाषाही वाचून बघा. महाराष्ट्रात औद्योगिक वसाहतीत बनलेली व्हिस्की 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य' असते. बनावट इथली, पाणी इथलं, कामगार इथले, तरी 'विदेशी'. आणि त्याच्या शेजारी 'देशी'. हे शब्द मालाच्या उगमापेक्षा पिणाऱ्याच्या दर्जाबद्दल जास्त सांगतात. वसाहतकाळात पडलेली ही फूट आपण दुकानाच्या पाटीवर अजून रोज वाचतो.

मित्राला मी एक प्रयोग करायला लावला. त्याने बेल्जियन गव्हाच्या बीअरबद्दल लिहिलं होतं की तिला 'एक विदेशी मसालेदार सुगंध' आहे. या प्रकारच्या बीअरमध्ये संत्र्याची साल आणि धणे घालतात. धणे! आजींच्या बाटलीतले धणे. त्याला ते ओळखू आले नाहीत, कारण परीक्षणाची भाषा त्याने इंग्रजीतून उचलली आणि तिच्यासोबत नाकही उसनं घेतलं.

दुसरं उदाहरण जास्त बोचणारं. ब्रुसेल्सच्या आसपास 'लाम्बिक' नावाची आंबट बीअर होते. तीत यीस्ट बाहेरून घालत नाहीत, हवेतल्या आणि पिंपातल्या जिवाणूंवर ती आंबते. परीक्षणांत तिच्याबद्दल 'उत्स्फूर्त किण्वन', 'मातीचा अस्सल गुण' असं आदराने लिहिलं जातं आणि तिची किंमतही तशीच असते. ताडीची प्रक्रिया पुष्कळशी याच कुळातली. तिच्या आंबटपणाला मात्र आपल्याकडे परीक्षण नाही, तुच्छता आहे. हेही खरं की ताडीत भेसळीचे प्रकार होतात आणि त्यात माणसं मरतात, ते झाकून तिचं गुणगान करणं बेजबाबदारपणाचं होईल. पण झाडपट्टी, बंदी, उतरती मिळकत यांतून शुद्ध ताडी दुर्मीळ होत गेली, तेव्हा भेसळीचा इतिहासही याच इतिहासाचा भाग म्हणून लिहावा लागेल.

तुमच्या कामासाठी

माझ्या चाळीस पानांच्या मोबदल्यात एवढं घ्या:

१. प्रश्नातलं गृहीतक आधी लिहून काढा. 'पहिल्यांदा कोणी केलं?' असा प्रश्न असेल तर त्याआधी काहीच नव्हतं असं तुम्ही धरलंय का, ते तपासा.

२. वस्तू सापडली की तिचे तीन प्रश्न वेगळे करा: कधी बनली, कुठून कुठे फिरली, इथे कशासाठी वापरली. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका.

३. सरकारी कागद वाचताना त्यात कोणता रकाना नाही, हेही टिपा. अबकारी खात्याला चवीत रस नव्हता, म्हणून लोकांना चव नव्हती असं होत नाही.

४. माणसांच्या शब्दांचं लगेच भाषांतर करू नका. 'चढतो', 'पहाटेची', 'फूल' हे शब्द जसेच्या तसे वहीत ठेवा. मी सुरुवातीला दादांच्या 'चढतो'पुढे कंसात किण्वन लिहून मोकळी झाले होते. नंतर कळलं की त्यांच्या लेखी रस चढणं आणि रस आंबणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

५. मुलाखत पुढे ढकलू नका. कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील, माणसं असतीलच असं नाही.

या पाचव्या मुद्द्याबद्दल थोडं. दादांकडे दुसऱ्या मुलाखतीला मी चार महिन्यांनी गेले, मध्ये एका परिषदेचा पेपर होता म्हणून. तोवर त्यांना ऐकू येणं बरंच कमी झालं होतं आणि त्यांनी चढणं सोडलं होतं. त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो, त्याला झाडावर चढता येत नाही आणि यायला हवं असं त्याला वाटतही नाही. त्यात त्याची काही चूक नाही, एका चुकीच्या पावलात जीव जाणारं हे काम आहे. पण शिंदीच्या झाडाबद्दलचे माझे सगळे प्रश्न त्या दिवशी वहीतच राहिले. ताडाचं प्रकरण माझ्याकडे आहे, शिंदीचं नाही.

प्रबंधातल्या त्या प्रकरणाचं नाव आता 'कधीची?' असं आहे. मॅडमनी या वेळी समासात काहीच लिहिलं नाही, फक्त मसुदा परत देताना शिंदीबद्दल विचारलं. पुढच्या आठवड्यात अर्नाळ्याकडे एक जण भेटतील असं काकांनी कळवलंय. या वेळी सकाळच्या पहिल्या गाडीने जाणार आहे, पहाटेची चुकायला नको.